पीएचडी गाईडसाठीचं मेंटरिंग ट्रेनिंग: एक वर्षानंतर लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या विद्यापीठातल्या टीचिंग सेंटरने गाईड लोकांसाठी घेतलेलं मेंटरिंगचं ट्रेनिंग मी केलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. चार सेशन्स, प्रत्येकी दोन तास, आठवड्यातून एक, म्हणजे एकूण आठ तास. संपलं त्याच दिवशी फीडबॅक फॉर्म आला होता आणि मी सगळीकडे 'उत्तम'वर टिक करून मोकळी झाले, पण तेव्हा मला खरं तर एवढंच माहीत होतं की शिकवणारी माणसं चांगली होती आणि वेळ बरा गेला. अशा ट्रेनिंगचा रिव्ह्यू त्याच दिवशी लिहून काय कळणार? ते गाईडला आवडलं का, याला तसा काही अर्थ नाही. गाईडच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलामुलींचं त्याने काही भलं झालं का ते बघायला हवं, आणि ते दिसायला वर्ष जावं लागतं. म्हणून आत्ता लिहितेय, सविस्तर. ज्यांच्याकडे पीएचडीचे किंवा मास्टर्सचे विद्यार्थी आहेत, किंवा ज्यांच्या डिपार्टमेंटमध्ये असं ट्रेनिंग आणावं की नाही यावर चर्चा चालू आहे, त्यांना उपयोग होईल.

मी गेले कशी ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी पहिली पीएचडीची विद्यार्थिनी. दर मीटिंगला वही घेऊन यायची, मी बोलेन ते सगळं लिहून घ्यायची, आणि प्रत्येक गोष्टीला 'हो मॅडम', 'कळलं मॅडम', 'करते मॅडम'. मला वाटायचं किती समजूतदार मुलगी आहे, हिला फार सांगावं लागत नाही. नऊ महिन्यांनी तिचा पीएचडी सोडण्याचा फॉर्म सहीसाठी माझ्या टेबलावर आला. तोपर्यंत मला कशाचाही पत्ता नव्हता. बसवून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं की अ‍ॅनालिसिसची जी पद्धत मी पहिल्याच महिन्यात 'वाचून घे' म्हणून सांगितली होती ती तिला कळलीच नव्हती, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती एकटी त्याच्याशी झगडत होती, आणि मला विचारलं नाही कारण, तिचेच शब्द, 'विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की हिला घ्यायलाच नको होतं.' तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तिच्याच बरोबर लागलेला दुसरा विद्यार्थी, त्याचे आईवडील दोघंही प्राध्यापक. तो कधीही दार वाजवून आत यायचा, अर्धवट लिहिलेला ड्राफ्ट बिनधास्त पाठवायचा, कॉन्फरन्सला जायला पैसे मिळतात का हेसुद्धा त्याने आपणहून विचारलं आणि त्याला मिळाले. ती मागे पडली त्यात हुशारीचा काही संबंध नव्हता. माझं दार दोघांनाही उघडं होतं, पण ते ढकलून आत यायचं असतं हे फक्त त्याला माहीत होतं.

आणि मी? दोघांना अगदी सारखंच वागवते असं माझं ठाम मत होतं.

तिने फॉर्म मागे घेतला, ती अजून माझ्याकडे आहे, पण त्या दिवसानंतर मला झोप नीट लागेना आणि महिन्याभरातच ह्या ट्रेनिंगचा ईमेल आला तेव्हा मी लगेच नाव दिलं. अशी सोडून जाणारी मुलं काही अपवाद नसतात. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने पीएचडी पूर्ण होण्यावर जो मोठा प्रकल्प केला त्यात दहा वर्षांत पीएचडी पूर्ण करणारे साधारण ५७ टक्के निघाले. उरलेल्यांत सगळेच गाईडमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही, पण त्यातले किती जण 'हो सर, हो मॅडम' म्हणत म्हणत निघून गेले असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ट्रेनिंगबद्दल. आमच्या सेंटरने स्वतः काही शोधून काढलेलं नाही आणि ते चांगलंच आहे. मूळ अभ्यासक्रम विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात तयार झालेला, २००५ मध्ये पहिल्यांदा छापला गेला, तिथल्या जो हँडल्समन (जो हे त्यांचं नाव), क्रिस्टीन फंड वगैरे मंडळींनी केलेला. त्यात मुख्य सहा गोष्टी आहेत: संवाद नीट ठेवणं, एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत ते जुळवून घेणं, विद्यार्थ्याला खरंच समजलंय का ते तपासणं, समानता आणि समावेश, विद्यार्थ्याला हळूहळू स्वतःच्या पायावर उभं करणं, आणि पुढच्या करिअरची तयारी. ह्यावर बेतलेल्या आठ तासांच्या ट्रेनिंगची रीतसर चाचणीही झालीये, १६ वैद्यकीय संशोधन केंद्रांमध्ये, मेंटर आणि त्यांच्या हाताखालचे नवे संशोधक अशा २८३ जोड्या घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना ट्रेनिंग दिलं आणि काहींना नाही. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि ट्रेनिंग घेतलेल्यांचे गुण जास्त वाढलेले दिसले. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, त्यात मुख्य मोजमाप होतं ते मेंटरने स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांचं. तरीसुद्धा गाईड कसं व्हायचं हे शिकवता येतं असं धरून कुणीतरी एवढी मेहनत घेतली हेच मला मोठं वाटलं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं, आपल्या गाईडने आपल्याला जसं वागवलं तसंच आपण पुढे वागवतो, किंवा त्याच्या बरोबर उलट.

पहिलं सेशन अपेक्षांचं. माझ्या मते आठ तासांतले हे दोन तास सगळ्यात मोलाचे. सुरुवातीलाच प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुमच्या विद्यार्थ्याला ज्या गोष्टी 'माहीत असायलाच पाहिजेत' असं तुम्ही धरून चालता त्या लिहा. पाच मिनिटं. मी भराभर लिहायला लागले, मीटिंगच्या आदल्या दिवशी अजेंडा पाठवावा, ड्राफ्ट पाठवताना कुठे मदत हवी ते लिहावं, अडकलं तर दोन दिवसांपेक्षा जास्त एकट्याने अडकून बसू नये, सुट्टी हवी असेल तर सरळ सांगावं, मी रात्री ईमेल पाठवला तरी रात्री उत्तर द्यायची गरज नाही. चौदा गोष्टी झाल्या. मग पुढचा प्रश्न आला: ह्यातल्या किती गोष्टी तुम्ही विद्यार्थ्याला तोंडाने सांगितल्या आहेत? माझ्या चौदापैकी दोन. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या अकरापैकी शून्य. खोलीत एकदम शांतता झाली. कुणी काही बोलेना. मला तर ती वहीत लिहून घेणारी मुलगी डोळ्यांसमोर दिसत होती, ती बिचारी मी बोललेला शब्द न् शब्द लिहून घेत होती आणि जे लिहून घ्यायला हवं होतं ते मी कधी बोललेच नव्हते.

ह्याला शिक्षणशास्त्रात छुपा अभ्यासक्रम म्हणतात, फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये शाळांच्या संदर्भात हा शब्द आणला. शाळेपेक्षा पीएचडीत तो कितीतरी जास्त असतो असं मला आता वाटतं, कारण शाळेत निदान वेळापत्रक तरी भिंतीवर लावलेलं असतं. पीएचडीत पेपरवर पहिलं नाव कुणाचं हे कुठे लिहिलेलं असतं? दुसऱ्या विद्यापीठातल्या मोठ्या माणसाला ईमेल टाकला तर चालतो का? गाईडशी असहमत असलं तर ते कुठल्या भाषेत सांगायचं? ज्यांच्या घरी कुणी ह्या वाटेने गेलेलं असतं त्यांना हे घरबसल्या कळतं. इतरांना ठेचा खात खात कळतं, आणि काहींना कळायच्या आत ते निघून गेलेले असतात. सगळ्यांना सामावून घेणारं मेंटरिंग म्हणजे काय, असं मला आज कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की जे नशीबवान मुलांना न सांगता कळतं ते सगळ्यांना सांगायचं, लिहून द्यायचं, आणि आपणहून द्यायचं, विचारायची वाट बघायची नाही.

सेशनमधून दोन पानी लेखी करारासारखा एक नमुना मिळाला, तो मी माझ्या हिशोबाने बदलून घेतला. मीटिंग कधी आणि किती वेळ. ड्राफ्ट आला की मी किती दिवसांत परत देणार (दहा दिवस लिहिलंय, आणि माझ्याकडून उशीर झाला तर आठवण करायचा विद्यार्थ्याला हक्क आहे, तो उद्धटपणा समजला जाणार नाही, हेही लिहिलंय). पेपरवर नावांचा क्रम कसा ठरतो. शिफारसपत्र हवं असेल तर किती आधी सांगायचं. आजारपण, घरची जबाबदारी, सणवार, प्रार्थनेच्या वेळा, ह्यातलं काय मला माहीत असलेलं बरं, आणि सांगायचं नसेल तर नाही सांगितलं तरी चालेल. भांडण झालं तर डिपार्टमेंटमध्ये माझ्याशिवाय कुणाकडे जायचं, त्या माणसाच्या नावासकट. हे शेवटचं लिहिताना हात जरा अडखळला होता, खरं सांगते. पण तेच सगळ्यात गरजेचं होतं.

विद्यार्थ्यांनी त्यावर आपल्या ओळी घालायच्या असतात. माझ्या त्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा कागद जसाच्या तसा परत आणला, 'सगळं ठीक आहे मॅडम'. मी म्हटलं एक तरी ओळ तुझी हवी, घाई नाही, आठवडाभर ठेव. आठवड्याने कागद आला त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मी हो म्हटलं म्हणजे मला कळलं असं धरू नये. मला परत सांगायला लावावं.' मी ती ओळ किती वेळा वाचली असेन माहीत नाही. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगची शेवटची दहा मिनिटं ती बोलते आणि मी लिहून घेते, आज काय ठरलं ते ती मला समजावून सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा तिचा आवाज कापत होता. आता ती मलाच मध्ये थांबवून विचारते की हे तुम्ही मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं. 'समजलंय का ते तपासणं' हा अभ्यासक्रमातला तिसरा मुद्दा आमच्या ट्रेनिंगमध्ये वीस मिनिटांत उरकला होता, मला तो तिने शिकवला.

दुसरं सेशन समानता आणि समावेशाचं. इथे माझं मत जरा मिश्र आहे. सुरुवात दमदार होती. त्यांनी कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुघ यांचा प्रयोग समोर ठेवला. अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून जास्त प्राध्यापकांना ईमेल गेले, पीएचडी करायची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याच्या नावाने, 'तुमच्या संशोधनाबद्दल दहा मिनिटं बोलता येईल का' असा. मजकूर शब्दशः तोच, बदललं फक्त पाठवणाऱ्याचं नाव, आणि त्या नावावरून गोरा, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, भारतीय, चिनी, बाई की पुरुष एवढं कळत होतं. ते विद्यार्थी खरे नव्हतेच. गोऱ्या पुरुषांच्या नावांना उत्तरं जास्त आली. आपल्यापैकी जे बाहेर शिकायला गेलेत किंवा जायच्या तयारीत असताना असे ईमेल टाकून महिना महिना इनबॉक्स बघत बसलेत, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मला वेगळं सांगायला नको.

पण मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं वाटलं आणि ट्रेनरने ते घाईत सांगून टाकलं. काही ईमेलमध्ये 'आज भेटू शकतो का' असं विचारलं होतं आणि काहींत 'पुढच्या आठवड्यात'. आज म्हटलेल्यांत फरक जवळजवळ दिसलाच नाही. पुढच्या आठवड्यात म्हटलेल्यांत गोऱ्या पुरुषांना भेटीचा होकार इतरांपेक्षा २६ टक्के जास्त वेळा मिळाला. म्हणजे आजचं म्हटलं की माणूस आपलं कॅलेंडर बघतो, वेळ आहे की नाही एवढंच. पुढचं म्हटलं की विचार करतो की हिला भेटण्यात अर्थ आहे का, आणि मनातला चोर तिथेच शिरतो, असा मी तरी त्याचा अर्थ लावला. मग मी दोन गोष्टी केल्या. आठवड्यात एक ठरलेला तास ठेवला, लिंक वेबसाईटवर टाकली, नवीन कुणीही, ओळखीचा असो वा नसो, त्यात वीस मिनिटं घेऊ शकतो, मी आधी निवड करत नाही. आणि चौकशीच्या ईमेलला एकच तयार उत्तर, सगळ्यांना, तीन दिवसांच्या आत. माझा स्वभाव बदलायला किती वर्षं लागतील मला माहीत नाही, पण स्वभावाला जिथे फट मिळते ती जागा तर आजच बुजवता येते ना.

त्यानंतर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, 'मी विद्यार्थ्याचा रंग, गाव, बाई-पुरुष काही बघत नाही, मी फक्त काम बघतो.' चांगल्या मनाचे आहेत ते, खोटं बोलत नव्हते. ट्रेनरने नुसती मान हलवली आणि पुढची स्लाईड लावली. तिथे मला वाईट वाटलं. कारण तिथेच थांबून बोलायला हवं होतं, खोलीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच होतं, माझ्याही मनात वर्षभरापूर्वी तेच होतं. 'काम बघतो' म्हणणाऱ्यालाही काम दिसतं ते नावाच्या आडूनच, हे दाखवणारा अभ्यास आहे की. २०१२ मध्ये कोरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या नोकरीचा एकच अर्ज दिला, निम्म्यांना जॉन नावाने आणि निम्म्यांना जेनिफर नावाने. जॉन जास्त सक्षम ठरला, सरासरी पगार ३०,२३८ डॉलर सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. अर्ज तोच! आणि बाई प्राध्यापकांनीही तेच केलं, म्हणून मी स्वतःला त्यातून वगळू शकत नाही. हे सगळं सरांना आदराने सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

शिवाय ह्या सेशनमध्ये अपंग विद्यार्थ्यांबद्दल एक वाक्य आलं, फक्त एक. आमच्या लॅब मीटिंगमध्ये एक मुलगा आहे त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. तो कधी बोलला नव्हता, करारातल्या त्या 'काय माहीत असलेलं बरं' ओळीमुळे त्याने सांगितलं. आता आम्ही मीटिंगला कॅप्शन लावतो, एका वेळी एकच जण बोलतो, आणि तो टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो ते ठरलेलं आहे. ह्याला एक पैसाही लागला नाही. एका मुलीचं लहान बाळ आहे, लॅब मीटिंग संध्याकाळी सहाला असायची, ती सव्वासहाला दरवेळी ओशाळून उठायची. आता मीटिंग सकाळी अकराला असते. विषय संपला. अशी साधी उदाहरणं ट्रेनिंगमध्ये भरपूर हवी होती, त्याऐवजी केस स्टडीमधली पात्रं अगदी पुठ्ठ्याची होती, एक 'वेगळ्या पार्श्वभूमीची विद्यार्थिनी' जिला फक्त अडचणीच आहेत, तिला काही येतं, ती लॅबमध्ये नवीन काही घेऊन येते, असं कुठेच नाही.

तिसरं सेशन फीडबॅकचं, आणि इथे पुन्हा पैसे वसूल म्हणता येईल असं काहीतरी हाती लागलं. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा १९९९ चा अभ्यास. लिखाणावर कडक टीका केली की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ती पूर्वग्रहातून आलीये असं जास्त वाटायचं आणि सुधारायची उमेद कमी व्हायची. टीका तेवढीच कडक ठेवून सोबत दोन गोष्टी सांगितल्या, की माझा दर्जा उंच आहे, आणि तू तिथवर पोचू शकतोस असा मला विश्वास आहे, तर तो फरक जवळपास मिटला. नुसतं गोड बोलण्याने ते होत नाही, दोन्ही लागतात, उंच दर्जाही आणि विश्वासही. मी घरी येऊन माझ्या जुन्या कमेंट काढून बघितल्या. माझ्या त्या पहिल्या विद्यार्थिनीच्या एका चॅप्टरवर मी 'अस्पष्ट' हा एकच शब्द सतरा वेळा लिहिला होता. त्याच चॅप्टरच्या पुढच्या ड्राफ्टवर मी लिहिलं: 'ह्या जर्नलला लागतो त्या तोडीचा युक्तिवाद अजून झालेला नाही म्हणून बरंच लाल केलंय. तुझ्या तिसऱ्या भागात ती ताकद दिसतेय, म्हणून मी हे मागतेय. आधी परिच्छेद दोन आणि पाच घे, बाकी नंतर.' लिहायला चार मिनिटं जास्त लागली. ड्राफ्ट नऊ दिवसांत परत आला, आधीच्याला सात आठवडे लागले होते. एका उदाहरणावरून मी काही सिद्ध करत नाहीये, पण मी आता 'अस्पष्ट' लिहित नाही.

चौथं सेशन करिअर आणि मानसिक आरोग्य असं एकत्र कोंबलेलं, आणि दोन्हीवर अन्याय झाला. मेंटर मॅप नावाचा एक कागद मिळाला तो मात्र सुंदर आहे, मधे विद्यार्थी, भोवती गोल, विषयातलं मार्गदर्शन कोण देतं, लिखाण कोण वाचतं, नोकरीबद्दल कोण सांगतं, खचल्यावर कुणाशी बोलतोस, तुझ्यासारख्याच वाटेने आलेलं ओळखीचं कोण आहे. गाईडने एकट्याने सगळं व्हायचं नसतं, उलट कुठला गोल रिकामा आहे ते बघून तिथे माणूस जोडून द्यायचा असतो. माझ्या विद्यार्थिनीचे पाचपैकी तीन गोल रिकामे आणि उरलेल्या दोन्हींत माझंच नाव. मी दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमशी तिची गाठ घालून दिली, त्याही घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. त्या दोघी महिन्यातून एकदा भेटतात, काय बोलतात ते मी विचारत नाही.

मानसिक आरोग्याच्या भागात २०१८ च्या एका सर्वेक्षणाची स्लाईड होती, २६ देशांतले २,२७९ जण, बहुतेक पीएचडीचे, आणि त्यात ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता. आकडा धक्कादायक आहे, पण असल्या सर्वेक्षणात ज्यांना त्रास होतोय तेच जास्त उत्तरं देतात ही शक्यता असते, ते सांगायला हवं होतं. आणि आकडा दाखवून पुढे काय? विद्यार्थी केबिनमध्ये बसून रडायला लागला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, कुठे फोन करायचा, कुठे आपण थांबायचं आणि समुपदेशकाकडे सोपवायचं, ह्याचा सराव करून घ्यायला हवा होता. तो झाला नाही.

आता मोठ्या तक्रारी. एक, खोलीत एकही विद्यार्थी नव्हता. आठ तास आम्ही त्यांच्याबद्दल बोललो आणि ते बाहेर. दोन, सत्तेबद्दल कुणी नीट बोललं नाही. गाईडच्या हातात फेलोशिप असते, सही असते, शिफारसपत्र असतं, अशा माणसाला विद्यार्थी 'तुमचं चुकलं' असं सहज सांगेल ही अपेक्षाच चुकीची आहे, म्हणून तर तो तिसरा माणूस लेखी हवा. तीन, ज्यांनी यायला हवं ते आलेच नाहीत. ऐच्छिक ठेवलं की आधीच काळजी असलेले येतात. सक्तीचं केलं की लोक मागे बसून लॅपटॉप उघडतात, हेही मी इतर ट्रेनिंगमध्ये पाहिलंय. मला वाटतं सक्तीपेक्षा कामाला जोडणं बरं. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२४ पासून असं केलंय की प्रकल्पाच्या पैशातून पीएचडीचे विद्यार्थी घेणार असाल तर एक पानाची मेंटरिंग योजना अर्जासोबत द्यायची, आधी ती फक्त पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं संशोधन करणाऱ्यांसाठी, होती. एक पान कुणीही कॉपी-पेस्ट करेल ही भीती आहेच, तरी निदान प्रश्न तर विचारला जातो. चार, ट्रेनिंग संपल्यावर सेंटरकडून एकही ईमेल नाही. सहा महिन्यांनी परत बोलावून 'तो करार केलात का, चाललाय का' एवढं विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. आमच्या बॅचमधल्या चार जणांनी आपापसात महिन्याला एक तास भेटायचं ठरवलं आणि ते टिकलंय, पण ते आम्ही केलं, सेंटरने नाही.

ऑनलाईन स्वतः करायचं चाळीस मिनिटांचं मॉड्यूलही सेंटर देतं. ते मी केलं. नका करू. पुढे-पुढे क्लिक करून सर्टिफिकेट मिळतं, ह्या विषयात दुसऱ्या गाईडच्या तोंडून 'माझंही असंच चुकलं' हे ऐकल्याशिवाय काही हलत नाही. त्यापेक्षा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना २०१२ पासून चालू असलेली मायआयडीपी ही फुकट वेबसाईट द्या, कौशल्यं, आवडी, मूल्यं भरून घेते आणि करिअरच्या वाटा दाखवते, त्यावर अर्धा तास सोबत बसून बोला.

रेटिंग मागितलंत तर पहिल्या आणि तिसऱ्या सेशनला पाचपैकी पाच, दुसऱ्याला तीन, चौथ्याला दोन, आणि संपल्यानंतरच्या पाठपुराव्याला शून्य. तरीही जा. विशेषतः तुमचा पहिला किंवा दुसरा विद्यार्थी असेल तर त्याला घ्यायच्या आधीच जा, माझ्यासारखं नऊ महिन्यांनी नको. जाताना तुमच्या एका खऱ्या विद्यार्थ्याचे ईमेल आणि ड्राफ्टवरच्या कमेंट प्रिंट करून घेऊन जा, केस स्टडीऐवजी त्यावर काम करा, ट्रेनर नाही म्हणत नाहीत, मी विचारलंय.

सेंटरला मी हे सगळं लेखी पाठवलं. उत्तर आलं, पुढच्या बॅचला एक सेशन विद्यार्थ्यांसोबत घ्यायचं कबूल केलंय, मानधन देऊन, आणि बोलण्यासाठी त्यांच्या स्वतःच्या गाईडच्या समोर बसवणार नाहीत. त्या सेशनसाठी जी दोन नावं गेलीत त्यात माझ्या त्या विद्यार्थिनीचं नाव आहे, तिने स्वतः दिलंय, मला नंतर कळलं. ते झालं की काय फरक पडला ते इथेच खाली लिहीन.